चोवीस गहाळ पानं

बंदी लागली. आता दोन महिने समुद्रात जाळं टाकायचं नाही, मासळीला तिची पोरंबाळं वाढवू द्यायची. काल संध्याकाळी आमच्या मिठबावच्या किनाऱ्यावर शेवटची होडी वर ओढली. दहा-बारा माणसं दोराला लागली होती. होडी वाळूवरून कुरकुरत वर आली, मग तिच्यावर माडाची विणलेली झापं चढली, झापांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. एवढं झालं की गावातल्या पुरुषांचे हात अचानक रिकामे होतात. बायकांचे होत नाहीत, ते कुठल्याच ऋतूत होत नाहीत.

मी होडीवर जाणारी नव्हे. तीन स्टॉप पुढच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. तरी बंदी लागली की माझ्या नाकात एक वास येतो, आणि तो खाऱ्या बांगड्यांचा नसतो. गरम झेरॉक्सचा असतो. मशीनमधून नुकत्याच निघालेल्या कागदाचा, जरा जळकट, जरा गोड. अकरा वर्षांपूर्वीच्या बंदीत तो वास अंता काकांच्या मांगरात शिरला आणि दोन महिने सुकटीच्या वासाशी भांडत राहिला. मांगर म्हणजे घरामागची चिऱ्यांची, कौलारू शेड. तिथे जाळी टांगलेली, दोर गुंडाळलेले आणि काकांची लहान होडी पावसाळाभर मुक्कामाला.

यंदा त्या वासाबरोबर पुण्याहून एक मेलही आला. माझं पहिलं पुस्तक तिथल्या एक संपादकबाई काढताहेत. पुस्तक म्हणजे कथा-कादंबरी नाही, खेळाचं पुस्तक. खेळ असा, की चार-पाच जणांनी एकत्र बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली सोंगं घ्यायची. कोणी योद्धा, कोणी जादूगारीण, कोणी भामटा. ‘समोर गुहा आहे, काय करतोस?’ असं सांगणाऱ्यानं विचारायचं आणि सोंगानं उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा कारभार तोंडाचा. परदेशात या खेळांची जाडजूड रंगीत पुस्तकं निघतात आणि निघाल्या निघाल्या त्यांच्या चोरट्या पीडीएफ जगभर फिरायला लागतात.

मेल चांगला होता. मुखपृष्ठ ठरलं होतं, कागद ठरला होता. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, प्रस्तावनेतलं दुसरं वाक्य तेवढं काढावं लागेल. ते राहिलं तर पुस्तक काढणं आम्हाला कठीण आहे. आठवड्यात कळवा, फाईल छपाईला जायची आहे.

ते दुसरं वाक्य असं आहे: ‘हा खेळ आम्ही एका चोरलेल्या पुस्तकावरून शिकलो.’

मला राग आला. माझा राग आमच्या पंचक्रोशीत बऱ्यापैकी माहितीचा आहे, शाळेतली मुलं त्याला नावानं ओळखतात. पण या वेळी नुसतं रागावून भागणार नव्हतं, कारण अंता काका आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि दर रविवारी मला एकच विचारतात, “पुस्तक खंय इला गो?”

तर ती अकरा वर्षांपूर्वीची बंदी. मी बी. ए. होऊन घरी बसले होते. माझा मावसभाऊ नंदू ओरोसला सरकारी कचेऱ्यांच्या समोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. दिवसभर सातबारे, दाखले, प्रतिज्ञापत्रं. लोक रांगेत उभे राहून त्याच्यावर खेकसायचे आणि तो मशीनवर खेकसायचा. मधल्या वेळात मोबाईलवर काहीबाही बघायचा. त्यात एकदा त्याला परदेशातली पाच पोरं टेबलाभोवती बसून हा खेळ खेळताना दिसली. दोन तास ती नुसती बोलत होती आणि नंदू दोन तास उभ्यानं बघत होता.

आम्ही आधी सरळ वाटेनं गेलो, हे मला सांगितलंच पाहिजे. नेटवर पुस्तक निवडलं, पत्ता घातला, पिनकोड घातला. ‘या ठिकाणी पाठवता येत नाही.’ पुन्हा घातला, पुन्हा तेच. मग नंदूनं ओरोसचा पिनकोड घालून पाहिला, जिल्ह्याचं ठिकाण म्हणून. तेही त्यांना कुठे दिसेना. विकत मिळणारी पीडीएफ होती, तर आमच्या पतपेढीचं कार्ड त्यांच्या यंत्राला ओळखीचं वाटेना. ही सबब आहे का? आहे. पण सबब खरीही असू शकते. आणि मी माफीसाठी हे सांगत नाहीये, घडलं ते सांगतेय. मग नंदूनं कुठल्याशा चोरट्या साईटवरून ते पुस्तक उतरवून घेतलं. कोणीतरी घरी बसून पान पान स्कॅन केलेलं. सदतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात तर त्या माणसाचा अंगठाच आला होता. शोभावयनी, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत म्हणाली होती, “ह्येचा नख बघ. कामाचो हात आसा.”

मालक जेवायला गेला की नंदू दहा-दहा पानं काढायचा. भाताच्या बियाण्याच्या पिशवीत गुंडाळून एसटीनं गावी आणायचा. पहिला गठ्ठा आला तेव्हा त्यानं मला विचारलं, “पुस्तक झाला. खेळूक माणसा खंय गावतली?”

“बंदी लागली की गावतली,” मी म्हटलं.

आणि गावली. अंता काका जाळं दुरुस्त करत बसले होते, शोभावयनी त्यांच्या समोर बसून सुकट निवडत होती. आमच्याकडे बंदीत असंच चालतं, वर्षभराचं फाटलेलं या दोन महिन्यांत शिवायचं. हात गुंतलेले, तोंड मोकळं. असे दोन जण आम्हाला शोधूनही मिळाले नसते. मी त्यांना खेळ समजावून सांगितला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे दशावतारच मा ह्यो! फक्त तोंडाक रंग नाय.”

बरोबरच होतं. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. गोष्ट ठरलेली, राजा कोण, राक्षस कोण ते ठरलेलं, बोलायचं ज्याचं त्यानं उभ्या जागी. काका तरुणपणी एका कंपनीत एक हंगाम स्त्रीपार्ट करत होते. मग लग्न झालं, होडी आली, लुगडं सुटलं.

“बायलमाणूस आसा काय ह्याच्यात?” त्यांनी विचारलं.

“आसा. जादूगारीण.”

“मगे ती माझी.”

तिचं नाव त्यांनी मायावती ठेवलं. शोभावयनी आढेवेढे घेत होती. “माका इंग्लिश वाचूक येणा नाय. माका काय कळतला?” मी म्हटलं, वाचतलंय मी, तू फक्त बोल. मग तिनं पुस्तकातला सगळ्यांत धिप्पाड योद्धा मागून घेतला आणि त्याला भीमाक्ष म्हणाली. नंदू भामटा झाला. मी गोष्ट सांगणारी, सूत्रधार. पुस्तकाला लागणारा वीस पैलूंचा फासा आमच्याकडे कुठला? करवंटीत वीस चिंचोके टाकले, त्यांवर आकडे लिहिले. ज्याचे हात मोकळे असतील त्यानं सगळ्यांसाठी चिंचोका काढायचा.

सुरुवात मात्र काकांनी त्यांच्या पद्धतीनं केली. जाळं बाजूला ठेवलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. कुठल्याही कामाआधी आमच्याकडे देवाला असं मोठ्यानं सांगतात, कोण काय करतंय आणि का करतंय, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. त्यात काकांनी पुस्तकाच्या लेखकालाही घेतलं. पहिल्या पानावरचं ते नाव मी चार वेळा म्हणून दाखवलं, त्यांच्या जिभेवर ते बसेना. “ज्या सायबान ह्यो खेळ रचल्यान, तेका बरा ठेव म्हाराजा,” ते म्हणाले, आणि आम्ही तिघं हसत हसत म्हटलं, “व्हय म्हाराजा!” पुढे दोन महिने एकही बैठक त्या साहेबाला बरं ठेवल्याशिवाय सुरू झाली नाही.

बाहेर पाऊस, आत आम्ही. पानं दमट हवेनं फुगली, एकमेकांना चिकटली. बाराव्या पानाला सुकटीचा डाग पडला तो अजून आहे. मी इंग्रजी वाचायची आणि तोंडातून मालवणी बाहेर पडायची. मायावती तेवढी शुद्ध मराठीत बोलायची, कारण दशावतारात राजघराण्यातली माणसं तशीच बोलतात. “हे दुष्ट दानवा, तुझा काळ समीप आला आहे!” असं म्हणता म्हणता काका जाळ्याला गाठ मारायचे, आणि गाठ चुकली की मायावतीच्या तोंडून एक अस्सल मालवणी शिवी निघायची.

एका दुपारी मी पुस्तकात लिहिलं होतं तसा पुलावर राक्षस बसवला. पुस्तकाची अपेक्षा होती की योद्ध्यानं तलवार काढावी. शोभावयनी आयुष्यभर टोपली घेऊन बाजारात बसलेली. तिनं सुकट निवडता निवडता मला सांगितलं, “तेका इचार, दिवसाक किती गिऱ्हायका येतत ह्या पुलार?”

“कोणच येणा नाय. सगळे घाबरतत तेका.”

“मगे उपाशी बसान काय करतंस रे मेल्या? लोकांका सोड. येकेकाकडसून येक कोंबडी घे. तुझा पोट भरात, तेंचो रस्तो मोकळो.”

मी पानं उलटली. राक्षसाशी घासाघीस करायचा नियम कुठेच नव्हता. चिंचोका काढला, अठरा निघाला. राक्षसानं पुलावर टोलनाका सुरू केला, आणि पुढे सगळ्या संकटांत तो आमचा माणूस होता. कधी कधी मला वाटतं, त्या लेखकाला हे कळायला हवं होतं. त्याला आवडलं असतं. नसतं आवडलं तर मग त्यानं तो खेळ लिहायला नको होता.

जुलै निम्मा उलटला तेव्हा मायावतीला गुहेतला नाग चावला. चिंचोका दोन निघाला, मी हिशेब केला तर तिची ताकद शून्य. आता काय, म्हणून एकशे चाळिसावं पान काढलं. शेवटचं वाक्य होतं: सोंगाची ताकद शून्यावर आली, तर. तिथे पान संपलं. पुढचं पान एकशे पासष्टावं, त्यावर घोड्यांच्या जाती. मधली चोवीस पानं गहाळ.

“होता तितक्या सगळा छापलंय गो,” नंदू कासावीस होऊन म्हणाला. मोबाईलमध्ये पाहिलं, तिथेही नव्हती. त्या अंगठेवाल्याकडूनच राहून गेली होती.

काका मायावतीच्याच आवाजात म्हणाले, “सूत्रधारा, मी जिवंत आहे की मेले, एवढं तरी सांग!”

नंदूनं तोडगा काढला. मरणाचं पानच नाही, तर या खेळात कोणी मरायचंच नाही. मला ते पटलं होतं. शोभावयनीलाही पटलेलं दिसलं. काकांना नाही पटलं. ते आपल्या आवाजावर आले. “असा खंय आसता? दर्यात जाणाऱ्यान असा बोलू नये.” हातातली गाठ पुरी करून ते म्हणाले, “कौल लावया.”

कौल आमच्या गावी देवळात लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पेरणीचं, सोयरिकीचं, भावाभावांतल्या भांडणाचं, सगळं असं विचारलं जातं. शोभावयनी दचकली. “देवाचो कौल खेळाक लावतत? काय बोलतास ह्या, काका?”

“देवाचो नाय गो. होडयेचो. बावीस वर्सा ही माका परत घराक आणता. हिका इचारूक काय हरकत आसा?”

मग वयनीनं आपल्या केसांतल्या अबोलीच्या दोन पाकळ्या काढल्या, पाण्यात बुडवल्या आणि होडीच्या पुढच्या टोकाला उजव्या-डाव्या बाजूंना लावल्या. “मायावती जगतली काय?” काकांनी होडीला विचारलं. चौघं एका लाकडाकडे बघत बसलो. मांडीवर जाळं होतं आणि कोणाचेच हात चालत नव्हते. छपराच्या कौलांवर पाऊस असा वाजत होता की एकमेकांचा श्वासही ऐकू येत नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. डावी पाकळी पडली.

काका उभे राहिले. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. “भीमाक्षा,” ते म्हणाले, “माझा देह या गुहेत राहू दे, परंतु माझं कार्य इथे ठेवू नकोस. त्या पलीकडच्या गावात पाणी नाही. मी त्यांना शब्द दिला आहे.” असं बरंच बोलले. मी ते लिहून घेतलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. शोभावयनी पदर तोंडाला लावून रडत होती, नंदू खाली मान घालून बसला होता. बोलून झाल्यावर काका खाली बसले, जाळं मांडीवर ओढलं आणि म्हणाले, “चाय ठेव गो.” दुसऱ्या दिवशी ते नवीन सोंग घेऊन आले, पण त्या गावाला पाणी मिळेपर्यंत आम्ही दुसरं काही खेळलो नाही.

ती चोवीस पानं आम्ही मग शंभरपानी वहीत लिहून काढली. कौल एकदाच लावायचा, मिळेल तो मानायचा. मरणाऱ्याला जाण्याआधी हवं तेवढं बोलू द्यायचं, आणि त्यानं सोपवलेलं काम मागच्यांनी टाळायचं नाही. उठसूट विचारायचं नाही, हे वयनीचं, कारण “लाकूडसुद्धा कंटाळता.” आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, त्याचा कौल लावायचा नाही. हे काकांचं. तसं केलं तर ते होडीशी खोटं बोलणं होतं, असं ते म्हणाले.

चार वर्षांनी पुण्यात एका ओळखीच्यांच्या कपाटात ते अख्खं पुस्तक मला दिसलं. उभ्या उभ्याच एकशे एक्केचाळिसावं पान उघडलं. तक्ते. जखमांचे तक्ते, औषधांचे तक्ते, आणि मरण तीन फाशांत आटोपलेलं. मी पुस्तक मिटलं. आमचं जास्त चांगलं होतं. हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाहीये. पुढे नोकरी लागल्यावर मी ते पुस्तक रीतसर विकत घेतलं, ते माझ्या कपाटात आहे. पण त्यानं अकरा वर्षांपूर्वीची चोरी पुसली जात नाही, म्हणून त्या खरेदीचा उल्लेख मी प्रस्तावनेत केलेला नाही.

त्या वहीतूनच माझं पुस्तक झालं. राक्षसांऐवजी आमच्याकडची भुतंखेतं आली, घोड्यांच्या जागी होड्या. लिहून झाल्यावर सहा जणांना पीडीएफ पाठवली, खेळून बघा म्हणून. गेल्या दिवाळीत नंदूचा फोन आला. तो आता वैभववाडीला स्टेशनजवळ स्वतःचं झेरॉक्सचं दुकान चालवतो. “तुझो खेळ टेलिग्रामार फिरता गो,” तो म्हणाला. मी बघितलं. माझीच पीडीएफ, पहिली दोन पानं काढून टाकलेली. माझं नाव नव्हतं. ऋणनिर्देशातली काकांची, वयनीची, नंदूची नावं नव्हती. वर त्या चॅनेलनं आपलं नाव ठोकलं होतं.

मी फोनवर काय काय बोलले ते शिक्षिकेला शोभण्यासारखं नव्हतं. नंदूनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आता कळला काय, त्या सायबाक कसा वाटला आसतला?” मी फोन आपटला. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कबूल करावं लागलं की त्याचं खरं होतं. दुखतं. आपण रात्रंदिवस राबून केलेलं कोणीतरी फुकट उचलून नेतो तेव्हा दुखतंच, आणि ज्यांचं मी उचललं त्यांनाही दुखलं असेल. पण जास्त दुखलं ते नावं फाडलेली. आमच्या चोरीच्या गठ्ठ्यावर लेखकाचं नाव पहिल्या पानावर होतं आणि रोज दुपारी, चुकीच्या उच्चारानं का होईना, ते घेतलं जात होतं.

म्हणूनच त्या मेलनं माझं डोकं फिरलं. मी बाईंना फोन केला. बाई चांगल्या आहेत, शांत आहेत, त्यांच्या बोलण्यात मुद्दा होता. “अहो, आपण दुसऱ्या पानावर छापणार, परवानगीशिवाय नक्कल करू नये. आणि चौथ्या पानावर तुम्ही म्हणणार, चोरून शिकलो. लोक हसतील.”

“हसू देत.”

“उद्या कोणी नोटीस पाठवली तर?”

“माझ्या पत्त्यावर पाठवायला सांगा. पुस्तक पोचत नाही तिथे नोटीस पोचते का ते बघू या.”

त्या हसल्या नाहीत. “आपण असं करू या का? ‘एका परदेशी पुस्तकापासून प्रेरणा घेऊन’ असं लिहू. अर्थ तोच राहतो.”

प्रेरणा! चोरीला नेसवायचं इस्त्रीचं पातळ आहे ते. किती जण ते नेसवून सभेत मिरवतात ते मला ठाऊक नाही का? मी म्हटलं, बाई, मला प्रेरणा झाली नव्हती. नंदूनं मालकाचा डोळा चुकवून पानं काढली होती आणि मी ती वाचली होती. दुसऱ्या पानावर तुम्ही तुमचं वाक्य खुशाल छापा, माझंही तेच म्हणणं आहे. चोरू नका हे चोरलेल्या माणसानं सांगितलं तर त्यात निदान अनुभव तरी असतो. पण मी ते वाक्य काढलं तर त्या टेलिग्रामवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यानं माझं नाव फाडलं. तुम्ही मला त्या गठ्ठ्याचं नाव फाडायला सांगताय.

“विचार करा,” त्या म्हणाल्या. “मलाही हे पुस्तक यायला हवंय.” हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला भांडायला कोणी उरलं नाही.

आज दुपारी शाळेतलं प्रवेशाचं काम आटोपून मी तशीच मांगरात गेले. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी जाळं मांडीवर होतंच, हातांना दिसतं म्हणतात. शोभावयनी सुकट निवडत होती. नंदूला फोन लावून तो होडीच्या काठावर ठेवला. तिघांना मेल वाचून दाखवला. मग काकांना अगदी स्पष्ट सांगितलं, कारण त्यांना अंधारात ठेवायचा मला हक्क नव्हता. “काका, वाक्य ठेवलंय तर पुस्तक येवचा नाय कदाचित.”

काकांचे हात थांबले. त्यांना ते पुस्तक हातात धरायचं होतं. वास घ्यायचा होता, तसं ते म्हणालेही होते मागे. मला वाटलं, चुकलं आपलं. एका वाक्यापायी म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढला.

“मगे कौल लावया?” ते म्हणाले. वयनीचा हात केसांतल्या अबोलीकडे गेलाही.

“नको,” मी म्हटलं. “उत्तर माका ठाऊक आसा.”

काका हसले. तोंडात चार दात उरलेत, चारही दिसले. “नियम पाठ आसत मा तुका.” मग त्यांनी मला ते दुसरं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. हा खेळ आम्ही एका चोरलेल्या पुस्तकावरून शिकलो.

“आम्ही म्हणजे कोण?”

“आपण. चौघा.”

“मगे तसा लिव. त्या मेल्यान नावा फाडल्यान म्हणान बोंब मारतंस, आणि तू ‘आम्ही’ म्हणान लपयतंस?”

पुण्याच्या बाईंना मी अर्धा तास सुनावलं होतं, आणि इथे बनियन घातलेल्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात मला पकडलं होतं. मोठ्या शौर्यानं लिहिलेलं माझं ते वाक्य, त्यात चोर होता, पण चोराला तोंड नव्हतं.

“माझा नाव पयला घाल,” काका म्हणाले. “वयान मोठो मी.”

“माझा पण,” शोभावयनी सुकटीवरून मान न उचलता म्हणाली. “शोभा येवढाच लिव. घोवाचा नाव नको, तो चोरयेत नव्हतो.”

उरला फोनवरचा नंदू. त्याचं दुकान आहे, तिथे सरकारी कामं येतात, चोर म्हणून छापून येणं त्याला परवडणारं नव्हतं. मी म्हणाले, नंदू, तुझं नाही घातलं तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही.

“गप गो,” तो म्हणाला. “छापलंय मी आणि नाव तुमचा? घाल माझा. आणि त्या बाईंका सांग, नाय काढल्यानी पुस्तक तर मी काढतलंय. मशीन आता माझा स्वताचा आसा.”

मांगरात फोन लागतो, पण नेट मिळत नाही. फक्त होडीच्या मागच्या टोकावर चढलं की दोन काड्या येतात. मी साडी खोचून फोन घेऊन वर चढले आणि बाईंना मेल लिहिला. वाक्य काढत नाही. वाढवते आहे. ‘हा खेळ आम्ही एका चोरलेल्या पुस्तकावरून शिकलो. चोरणारे: अंता काका, शोभा, नंदू आणि मी.’ खाली त्या परदेशी लेखकाचं पूर्ण नाव, आणि त्याच्याखाली माझं पूर्ण नाव. हे चालत नसेल तर पुस्तक राहू द्या, आम्ही खेळत राहू. पाठवून दिला.

खाली उतरले तर करवंटी बाहेर आली होती. चिंचोके तेच, आकडे मात्र वयनीनं कोळशानं पुन्हा गिरवले होते. काकांनी जाळं बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” फोनमधून नंदूही ओरडला.

“आज ह्या चार चोरांनी आपली चोरी आपल्या नावानिशी कागदार मांडल्यानी आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्या सायबाचा पुस्तक आमी चोरला, तेका सुखी ठेव, तेच्या पोराबाळांका सुखी ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्या अंगठ्यान ती पाना आमच्यापर्यंत पोचयल्यान, त्या अंगठ्याक काटो लागा नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जेणा आमची नावा फाडल्यान...” काका थांबले. गाऱ्हाण्यात अशा ठिकाणी वाकड्या वागणाऱ्याचं पुरतं वाटोळं मागायची सोय असते, आणि मी त्याचीच वाट बघत होते. काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

“तेका खेळूक चार माणसा गावूं देत, म्हाराजा!”

वयनीनं लगेच म्हटलं. नंदूनं म्हटलं. माझाच होकार राहिला होता, काका हात जोडून थांबूनच होते.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.